जीव वाचला, पण चालवणार कोण?

खेड्यात पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. सकाळी गोठ्यात गेलेला माणूस एका बाजूला कलंडतो, तोंड वाकडे होते, जीभ जड पडते. १०८ची रुग्णवाहिका किंवा शेजाऱ्याची जीप मिळते, तालुक्याहून जिल्ह्याला नेले जाते, सीटी स्कॅन होतो, सलाइन लागते आणि आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली एक शब्द लिहिलेला असतो, ‘फिजिओथेरपी’. ती कुठे मिळते, किती दिवस घ्यायची, याचे उत्तर कार्डावर नसते आणि बहुतेकदा गावातही नसते.

मग मालिशवाला येतो. कोणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगतो, कोणी कुठल्याशा गावचे तेल आणून देतो. घरची माणसे मायेने रुग्णाला उठवून बसवतात, पण उठवताना लुळा हात धरून ओढतात. त्या बाजूचे स्नायू सैल पडलेले असल्याने खांद्याचा सांधा जागचा सरकू लागतो आणि दुखरा खांदा कायमचा मागे लागतो. पाऊल दिवसेंदिवस खाली झुकलेले राहिले की टाचेमागची शीर आखडते. पुढे पायात ताकद आली तरी टाच जमिनीला टेकत नाही. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. ही सारी दुखणी मेंदूतल्या गुठळीने थेट आणलेली नसतात. ती नंतरच्या आठवड्यांत तयार होतात आणि त्यातली बरीचशी टाळता येतात.

पक्षाघात हा शहरी, बैठ्या माणसांचा आजार समजण्याची आपल्याकडे सवय आहे. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने ती मोडायला हवी होती. त्यांनी पाहिलेल्या खेड्यांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच निघाले. साधारण सात मृत्यूंमागे एक. ही झाली मृत्यूंची मोजणी. जे वाचले आणि ओसरीवरच्या बाजेवर राहिले, ते त्या आकड्यात येत नाहीत.

मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. मात्र शाबूत राहिलेले भाग त्याची काही कामे शिकून घेतात. हे शिकणे आपोआप होत नाही. उठणे, तोल सावरणे, पेला पकडणे अशा उपयोगाच्या हालचाली शेकडो वेळा कराव्या लागतात आणि रुग्ण जसा सुधारेल तशा त्या अवघड करत न्याव्या लागतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो. नेमके हेच तीन महिने गावातल्या रुग्णाच्या हातून निसटतात. आठवड्यातून तीनदा जिल्ह्याला जायचे तर एसटीच्या पायऱ्या चढवायला धडधाकट माणूस सोबत लागतो, त्याचा रोज बुडतो. पेरणीचे दिवस असले तर प्रश्नच मिटला. दोन-चार फेऱ्यांनंतर घर थकते.

पक्षाघात हे ठळक उदाहरण झाले. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या तोडणी मजुरांची कंबर, जन्मभर उकिडवे बसून खुरपणी केलेल्या बाईचे गुडघे, प्लास्टर काढल्यावर आखडलेले मनगट, मधुमेहाने पाय गमावलेला माणूस, मान न धरणारे सेरेब्रल पाल्सीचे मूल या सगळ्यांना तेच कौशल्य लागते. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या जागतिक अंदाजानुसार पुनर्वसन उपचारांचा लाभ होऊ शकेल अशा माणसांची संख्या सुमारे २४० कोटी आहे, म्हणजे दर तिघांत एक. गावाकडे मात्र फिजिओथेरपी म्हणजे ‘करंट देणे’ असाच समज आहे. मशिन लावले की उपचार झाला, व्यायाम सांगितला की पैसे फुकट गेले! गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हाच पहिल्या फळीचा उपचार आहे, हे पटवून द्यायलाही जवळचा, वारंवार भेटणारा माणूस लागतो.

भारतात या विद्येचे औपचारिक शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५२ मध्ये सुरू झाले. पोलिओच्या साथीने ती गरज पुढे आणली होती. पोलिओ देशातून गेला, विद्या मात्र शहरातच राहिली. राज्यातली सहा कोटींहून अधिक माणसे २०११च्या जनगणनेत ग्रामीण भागात मोजली गेली. फिजिओथेरपीचे दवाखाने मात्र पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली आणि तालुक्याला एखादा, तोही असला तर.

यावर ‘डॉक्टरांना सक्तीने पाठवा’ हा नेहमीचा तोडगा सुचवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये काढलेल्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोख निराळा आहे. ग्रामीण भागातली मुले निवडा, त्यांना शक्यतो ग्रामीण भागाजवळ शिकवा, शिकतानाच खेड्यातल्या कामाची ओळख करून द्या. अशी माणसे तिथे टिकण्याची शक्यता अधिक असते. महाराष्ट्रात याला लागणारी जमीन अगदीच नापीक नाही. लोणी, वर्ध्याजवळचे सावंगी, कऱ्हाड अशा ठिकाणी फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. पण महाविद्यालयाची इमारत उसाच्या फडाशेजारी असली म्हणून शिक्षण ग्रामीण होत नाही. प्रवेश कोणाला मिळतो, शुल्क कोणाला झेपते आणि आंतरवासिता कुठे होते, यावर ते ठरते.

कारण खेड्यातले उपचार शिकायचेही खेड्यातच असतात. चकचकीत विभागात रुग्ण समांतर दांड्यांना धरून गुळगुळीत फरशीवर चालतो. घरी त्याला उंबरा ओलांडायचा असतो, शेणाने सारवलेल्या अंगणातून जायचे असते, बांधावर तोल सांभाळायचा असतो, जमिनीवर जेवायला बसून पुन्हा उठायचे असते. संडास बहुधा भारतीय पद्धतीचा. तिथे भिंतीला बांबू घट्ट बांधून धरायची दांडी होते, बाजेच्या पायांखाली विटा घालून उंची वाढवता येते. ही युक्ती पुस्तकात क्वचितच सापडते. गावातले घर पाहिलेल्या विद्यार्थ्याला ती सुचते.

घरच्यांनाच शिकवून भागणार नाही का? हा प्रश्न भारतातच तपासला गेला आहे. देशातल्या १४ रुग्णालयांतील १,२५० पक्षाघात रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत कुटुंबातल्या व्यक्तीला प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करवून घेण्यात आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्वाच्या प्रमाणात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक दिसला नाही. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणून घरच्यांना शिकवू नये असे नाही, त्यांच्यावाचून चालतही नाही. पण त्यांना नेमून दिले की प्रशिक्षित माणसाची गरज संपली, हा हिशेब जुळत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओचेही तेच. व्यायाम दिसतो, आखडलेला स्नायू किती ताणायचा, हे हाताला कळावे लागते.

अर्थात पदवीधर वाढवून पदे वाढली नाहीत तर तालुक्याची मुलगी एवढी वर्षे शिकून पुण्याच्या जिममध्ये नोकरी शोधणार, आणि तिला दोष देता येणार नाही. २०२१च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्य व्यवसायांना नियामक चौकट दिली, पण नोकरी कायद्याने निर्माण होत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक कायम पद, आणि आठवड्यातले ठरलेले दिवस आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व रुग्णांच्या घरी, एवढी मागणी तरी अवाजवी नाही. कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे, हे आशा कार्यकर्तीला तोंडपाठ असते. तिने नाव सांगितल्यावर जाणारे कोणी हवे.

तोवर नातेवाइकांनी एक करावे. रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयातल्या भौतिकोपचार विभागात जावे आणि कूस बदलणे, उठून बसवणे, लुळ्या हाताला आधार देणे, उभे करणे या गोष्टी आपल्याच रुग्णावर करून दाखवायला सांगाव्यात, मोबाइलवर चित्रित करून घ्याव्यात. अंथरुणात असेपर्यंत दर दोन तासांनी कूस बदलावी. उठवताना हात ओढू नये, कंबरेला धरावे. आणि फिजिओथेरपीची पुढची तारीख गोळ्यांच्या कार्डावरच लिहून घ्यावी.