जुनं कॉफी मशीन घेताना

लातूरच्या उद्योगभवन परिसरात क्लास सुटले की मुलांचे लोंढे रस्त्यावर येतात. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे बारमाही वर्दळ. अशा ठिकाणी गाडा टाकणाऱ्या नवख्याला जुनं प्रीमिक्स (तयार पावडरचं) कॉफी मशीन स्वस्तात पडतं. पण सौदा पारखून करायला हवा.

खरी परीक्षा बॉयलरची. बोअरचं जड पाणी तापलं की क्षार आत थरासारखे बसतात. पाणी उशिरा तापतं, वीज जास्त लागते आणि कॉइल जळते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात पाण्याचा प्रश्न गौण मानून चालत नाही. म्हणून मशीन थंड असतानाच विक्रेत्याकडे जावं, आपल्यासमोर ते सुरू करायला लावावं आणि ओळीने बरेच कप काढून पाहावेत. शेवटचा कप कोमट निघाला, तर भाव पाडावा किंवा निघून यावं.

पावडरचे डबे, मिक्सिंगची मोटर, गळणारे नळ हेही तपासावं. सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती करणारा गावात आहे का, हे आधीच विचारावं.

खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते. भांडवल कमी असलेल्या फेरीवाल्यांसाठी २०२० पासून पीएम स्वनिधी कर्ज योजना आहे; अर्जाची चौकशी महापालिकेत करता येते.