तालमीच्या मातीतला फुटबॉल

खंडोबा तालीम मंडळ, पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. ही यादी गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतली वाटेल, आणि या सगळ्यांचे गणपती मिरवणुकीत असतातही. पण कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास हीच नावं उच्चारली, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फुटबॉलचे अकरा खेळाडू उभे राहतात. इंग्रजी नाव मिरवणारा प्रॅक्टिस क्लबही मनानं तितकाच पेठेचा आहे.

मराठवाड्यातल्या वाचकाला, मग तो भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचा असो की जालना शहरातला, तालीम नवी नाही. जत्रेतली दंगल, हलगीचा ताल, नारळापासून सुरू होऊन हजारांच्या इनामापर्यंत चढत जाणाऱ्या कुस्त्या हे सगळं त्याच्या ओळखीचं आहे. त्या लाल मातीतून उठलेला पोरगा बूट चढवून स्टेडियमवर कॉर्नर घ्यायला धावतो, हे मात्र महाराष्ट्रात कोल्हापुरातच घडलं. ते का घडलं आणि एवढी वर्षं का टिकलं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. याच काळात भारतातले मोठमोठे, पैशानं भरलेले, राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेले फुटबॉल संघ बंद पडले. तालमींचे संघ पडले नाहीत.

सुरुवात अर्थातच राजर्षी शाहू महाराजांपासून. कुस्तीला त्यांनी दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. 1902 साली ते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि 1912 साली कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. मैदान एक, पण त्याला मल्ल पुरवणाऱ्या तालमी पेठोपेठी होत्या. संस्थानी काळात राजघराण्याच्या आणि शाळा-कॉलेजांच्या वाटेनं फुटबॉल शहरात आला, तेव्हा खेळायला तयार असलेली, शरीर कमावलेली आणि शेजारच्या पेठेशी ईर्षा बाळगणारी पोरं त्याला या तालमींमध्ये आयती सापडली. संघ बांधायला वेगळी संस्था काढावी लागली नाही. संस्था होतीच, खेळ नंतर आला.

तालीम म्हणजे व्यायामाची खोली एवढाच अर्थ धरला, तर पुढचं काहीच कळणार नाही. आत कुस्तीचा हौदा, मारुती, भिंतीला टेकवलेली मुद्गलं असतात, हे खरं. पण कोल्हापुरातली तालीम पेठेचा कारभारही पाहते. गणपती तिथं बसतो, शिवजयंती तिथून निघते आणि कित्येक तालमींत मोहरमला पंजेही बसतात. बाबूजमाल तालमीत तर गणपती आणि पंजा या दोन्ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या आहेत. पेठेत कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचं लग्न निघालं, पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, तर पहिली माणसं तालमीतून धावतात. फुटबॉलचा संघ हे अशा संस्थेचं एक अंग आहे. पेठेतला जो माणूस आयुष्यात चेंडूला पाय लावणार नाही, तोही वर्गणी देतो, कारण त्याच्या लेखी ती तालमीची वर्गणी असते.

शहरातल्या फुटबॉलचा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन पाहते. सगळे तिला केएसए म्हणतात. स्वातंत्र्यापूर्वीची ही संस्था छत्रपती घराण्याच्या आश्रयानं वाढली आणि आजही त्या घराण्याशी जोडलेली आहे. घराण्यातले सध्याचे शाहू छत्रपती तिचे आश्रयदाते, मालोजीराजे अध्यक्ष. सामने होतात राजर्षी शाहू स्टेडियमवर. पूर्वी तिथं रावणेश्वराचं तळं होतं. कोल्हापुरातली बरीच मैदानं अशीच तळी बुजवून झालेली आहेत. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि मोठा पाऊस झाला की आजही तिथं तळं साचतं. फुटबॉलचा मोसम पावसाळ्याबाहेर बसवण्यामागची सगळ्यात साधी अडचण तीच.

मोसमाची घडी अशी असते. आधी खेळाडूंची नोंदणी. कोण कुठल्या तालमीकडून सही करणार, याची चर्चा पेठेतल्या कट्ट्यांवर आधीच महिनाभर रंगते. एखादा खेळाडू वाढला एका तालमीत आणि सही केली दुसरीकडे, तर ती बातमी स्थानिक वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर येते. मग केएसएची लीग. वरिष्ठ गटातले संघ वर, त्यांच्याखाली उतरंडीनं आणखी गट. लीग संपली की बाद पद्धतीच्या स्पर्धा सुरू होतात. कुणाच्या स्मृतीचा, कुणाच्या नावाचा चषक, आणि त्याबरोबर काही लाखांची बक्षिसं. मे महिन्याच्या उन्हात अंतिम सामना टायब्रेकरवर गेला, की पलीकडच्या इमारतींच्या गच्च्याही माणसांनी भरतात.

खालच्या गटांविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वरिष्ठ गटात पाटाकडील, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं पीटीएम, विरुद्ध प्रॅक्टिस असा सामना असला, तर स्टेडियम भरतं. खालच्या गटाचा सामना मात्र दुपारच्या उन्हात, बाकावर बसलेल्या मोजक्या माणसांपुढे होतो. ती माणसं म्हणजे खेळाडूंचे भाऊ, तालमीतले दोन-चार ज्येष्ठ आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी लहान पोरं. खेळणारा कुणी शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर असतो, कुणी गुजरीत चांदीकाम करतो, कुणी रिक्षा चालवतो. पाळी संपवून गडी थेट मैदानावर येतो. त्याला कुणी विकत घेणार नाही आणि त्याचा फोटो कुठं छापून येणार नाही. तरी खालच्या गटात पडायचं नाही, किंवा पडलोच तर पुढच्या वर्षी वर यायचं, या एका गोष्टीसाठी वर्षभर पहाटे सराव होतो. कोल्हापूरच्या फुटबॉलचं खरं बळ मला या दुपारच्या सामन्यांत दिसतं. भरल्या स्टेडियममध्ये जोर आणणं सोपं असतं.

याच्या शेजारी मुंबई आणि पंजाबचा इतिहास ठेवून पाहावा. मुंबईत 1891 पासून रोव्हर्स कप खेळला जात होता. देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी ही एक. हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं ती जिंकली, ही कामगिरी भारतीय फुटबॉलचे जुने चाहते अजून सांगतात. नवं शतक उजाडताच ती स्पर्धा बंद पडली. महिंद्राचा संघ 1962 साली उभा राहिला, 2005-06 मध्ये त्यानं राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि 2010 मध्ये कंपनीनं तो विसर्जित केला. फगवाड्याची जेसीटी ही 1996-97 च्या पहिल्या राष्ट्रीय लीगची विजेती. तो संघ 2011 मध्ये संपला. या संघांकडे प्रशिक्षक होते, पगार होते, चांगली मैदानं होती. पण त्यांचा मालक एक होता, आणि मालकानं ठरवलं की संघ संपत होता. खेळाडू दुसरीकडे गेले, चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पुढे काही करण्यासारखं त्यांच्या हाती नव्हतं.

तालमीचा संघ असा एका ठरावानं बंद करता येत नाही. तो कुणाच्या नावावर नाही. एखादं वर्ष पैसे कमी पडले, तर बाहेरचे खेळाडू येत नाहीत, पेठेतलीच पोरं उतरतात आणि संघ हरतो. हरलेला संघ मात्र पुढच्या मोसमात पुन्हा नोंदणी करतो.

जगात अशी उदाहरणं इतरत्रही आहेत. इस्रायलमधल्या क्लबांच्या नावांपुढे हापोएल, मक्काबी, बेतार असे शब्द दिसतात. ती आधी चळवळींची नावं होती. हापोएल कामगार संघटनेशी जोडलेलं, बेतार राजकीय युवक चळवळीशी. फुटबॉल या संस्थांच्या अंगणात वाढला, जसा कोल्हापुरात तालमीच्या अंगणात. तिथल्या खालच्या गटातली एक गोष्ट मला फार भावते. जेरुसलेमच्या हापोएल क्लबच्या कारभाराला कंटाळून 2007 साली चाहत्यांनी स्वतःच हापोएल कातामोन नावाचा क्लब काढला. पुढे तो लीगा गिमेल या सर्वांत खालच्या गटात उतरला, एकेक पायरी चढत गेला आणि 2021 मध्ये देशाच्या अव्वल लीगमध्ये पोचला. जेरुसलेमच्या चाहत्यांना आपला क्लब आपल्या हाती घेण्यासाठी शून्यापासून सुरुवात करावी लागली. कोल्हापूरच्या पेठांना ही मालकी जन्मतःच मिळालेली आहे, आणि तिची किंमत त्यांना पुरती कळली आहे असं मला वाटत नाही.

कारण या व्यवस्थेत दुखणीही आहेत, आणि ती झाकून ठेवणं तालमींच्याच हिताचं नाही. पेठेची ईर्षा कधीकधी मैदानाबाहेर सांडते. सामना संपल्यावर दगडफेक, हाणामारी, गाड्यांची मोडतोड झाल्याच्या घटना कोल्हापूरनं अनेकदा पाहिल्या. मोठ्या सामन्याला पोलीस बंदोबस्ताशिवाय शिट्टी वाजत नाही. ज्या पालकाला आपल्या मुलीला किंवा लहान मुलाला सामना दाखवायचा असतो, तो अशा बातम्या वाचून घरीच बसतो, आणि तालमीचा एक चाहता कायमचा कमी होतो. दुसरं दुखणं पैशाचं. बक्षिसांची रक्कम वाढली तशी बाहेरून खेळाडू आणण्याची चढाओढ लागली. नायजेरिया, घानासारख्या देशांतले खेळाडू पेठांच्या जर्सीत दिसू लागले. त्यांच्या खेळानं वेग वाढला, प्रेक्षकांना मजा आली, हे मान्य. पण दर सामन्याला बाहेरचे तीन खेळाडू उतरले, तर पेठेतली तीन पोरं बाकावर बसतात. संख्येवर मर्यादा घालण्याचं केएसएचं धोरण म्हणूनच मला योग्य वाटतं.

तिसरी उणीव जास्त खोल आहे. कोल्हापुरातून खेळाडू घडतात, पण वर जायची वाट तालमीतून निघत नाही. 2017 मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा यजमान संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता. भारताच्या संघानं फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात खेळण्याची ती पहिलीच वेळ. रिक्षाचालकाचा हा मुलगा पुढे इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांकडून खेळला, आणि 2021-22 मध्ये हैदराबादनं ही लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. पण त्याच्या घडणीचा मोठा टप्पा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत पार पडला. तालीम पोराला दम देते, निष्ठा देते, हजारो माणसांपुढे पेनल्टी मारण्याचं धैर्य देते. पोषण, शास्त्रीय प्रशिक्षण आणि वयोगटांच्या नियमित स्पर्धा यांसाठी मात्र पोराला अजून शहर सोडावं लागतं. चषकांच्या बक्षिसांतला थोडा वाटा जरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांवर खर्च झाला, तरी हे चित्र दहा वर्षांत पालटेल, असं मला मनापासून वाटतं.

आणि मुलींचं काय? तालीम ही परंपरेनं पुरुषांची जागा. हौद्यात मुलींना प्रवेश नव्हता, त्यामुळे मुलींचा फुटबॉल शाळांतून, कॉलेजांतून, स्वतंत्र क्लबांतून वाढला. 2019 साली लुधियानाला झालेल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा संघ उतरला. देशातल्या महिलांच्या सर्वोच्च स्पर्धेत कोल्हापूरचं नाव घेऊन गेलेला हा संघ कुठल्या पेठेचा नव्हता. त्याच्यामागे ढोल-ताशा नव्हता, वर्गणी काढणारी गल्ली नव्हती, सहीवरून भांडणारा कट्टा नव्हता. कुस्तीत हा बदल सुरू झाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुली आता आखाड्यात उतरतात आणि पदकं आणतात. फुटबॉलच्या तालमींनी पुढच्या नोंदणीला मुलींचा संघ दाखल केला, तर त्या मुलींना पहिल्या दिवसापासून आख्खी पेठ पाठीशी मिळेल. कोल्हापुरात मुलाला ती आजही न मागता मिळते.