विजेची मागणी आणि मंजुरी

संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये भ्रमणध्वनीची केबल जोडली की हवी तेवढी वीज वाहू लागते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः यूएसबी २.० च्या नियमांनुसार नव्याने जोडलेल्या उपकरणास प्रथम केवळ १०० मिलिअँपिअर प्रवाहाची मुभा असते, आणि आपली ओळख व गरज रीतसर कळवून संगणकाची मंजुरी मिळाल्यानंतरच ते ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेण्यास मुखत्यार होते. भिंतीवरील साध्या चार्जरमध्ये अशी विचारपूस करणारे कोणी नसल्यामुळे, त्याच्या माहिती वाहणाऱ्या दोन तारा परस्परांस जोडून ठेवण्याची तरतूद आहे. ही खूण ओळखून उपकरण अधिक प्रवाह घेते.

मिळालेला प्रवाह मात्र बॅटरीत सरसकट ओतता येत नाही. लिथियम-आयन बॅटरी अगदीच रिती झाली असेल तर आरंभी तिला अल्प प्रवाहावर सावरून घ्यावे लागते; पुढे स्थिर प्रवाहाने भरताना विद्युत्दाब साधारणतः ४.२ व्होल्टपर्यंत चढला की तो तेथेच रोखून धरावा लागतो, आणि मग प्रवाह क्रमशः क्षीण होत मूळ प्रमाणाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आला म्हणजे चार्जिंग थांबवण्याचा प्रघात आहे. अखेरच्या टप्प्यास लागणारा विलंब हा या दक्षतेचाच परिणाम असल्याने, त्याबद्दल चार्जरला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. शून्य अंशाखालील थंडीत तर लिथियम धातुरूपाने ऋणाग्रावर साचून बॅटरीस कायमची इजा होऊ शकते. यास्तव तिच्यालगत तापमापक थर्मिस्टर बसवून, तशा वेळी चार्जिंग तहकूब ठेवले जाते.