बाटलीला बाटली जोडताना

दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीचा व्यास साधारण 110 मिलिमीटर असतो. अशा दोन बाटल्यांचे तळ कापायचे, कापलेल्या कडा एकीत एक सरकवायच्या आणि मध्ये गोंद लावून त्या चिकटवायच्या. मग आत 5 बार दाबाची हवा भरली, की ती हवा दोन्ही बाटल्यांना विरुद्ध दिशांना ढकलते. हा ताण सुमारे 4750 न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ 485 किलोचा असतो. पूर्ण वाढलेली मुऱ्हा म्हैस जोडाला टांगावी, तसाच. जोडात ना स्क्रू ना रिव्हेट, फक्त 20 मिलिमीटर रुंदीचा गोंदाचा पट्टा.

घरी पाण्याचं रॉकेट करणाऱ्यांचं कसब याच पट्ट्यात दिसतं. पंख पुठ्ठ्याचे चालतात, नाकाडं कशाचंही चालतं. जोड मात्र चुकला तर रॉकेट जमिनीवरच संपतं.

मुळात बाटल्या जोडायच्या कशाला? रॉकेटमध्ये साधारण एक तृतीयांश पाणी भरतात आणि उरलेल्या जागेत सायकलच्या पंपाने हवा कोंबतात. तोंड उघडलं की हवा पाण्याला बाहेर ढकलते आणि बाटली वर उडते. एकाच बाटलीचं रॉकेट असेल तर हा सगळा कारभार क्षणार्धात आटोपतो. जास्त उंची हवी तर हवा आणि पाणी जास्त हवं, पण बाटली रुंद करून चालत नाही, कारण रुंदीबरोबर हवेचा विरोधही वाढतो. म्हणून रॉकेट लांब करायचं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची वाट रुळवली आणि रिकामी बाटली मराठी शाळांच्या प्रयोगांत सहज शिरली. ती एकटी उडवणं सोपं आहे. खरा अभ्यास दुसरी बाटली जोडायला घेतली की सुरू होतो.

त्या अभ्यासाची सुरुवात प्लास्टिकपासून करावी लागते. बाटली असते पीईटीची, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटची. व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी 1941 मध्ये हे द्रव्य शोधलं ते कापडासाठी. आपल्याकडच्या जुन्या पिढीने मिरवलेले टेरिलीनचे शर्ट याच घराण्यातले. बाटलीचं पेटंट मिळालं 1973 मध्ये, ड्यूपाँट कंपनीतल्या नॅथॅनियल वायथ यांना. त्याआधी सोड्याचा दाब पेलणारी प्लास्टिकची बाटली जमत नव्हती. गरम पीईटी उभं आणि आडवं असं दोन्ही दिशांना ताणलं की त्याचे रेणू ओळीने लागतात आणि कागदासारखी पातळ भिंतही दाब सोसते, हे या बाटलीमागचं रहस्य. भिंतीची जाडी जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर, तरीही बाटली सहसा 10 बारच्या पुढे जाऊन फुटते. पण याच ताणलेपणामुळे ती उष्णतेला घाबरते. साधारण 75 अंश सेल्सिअसच्या वर तापली की बाटली आक्रसते, आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते.

आता हार्डवेअरच्या दुकानात जाऊ या, कारण बहुतेकांची निवड तिथेच होते आणि तिथेच चुकते.

काउंटरवर पहिला हात जातो तो फेविक्विककडे. त्यातलं द्रव्य म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. कोडॅक कंपनीतल्या हॅरी कूव्हर यांना 1942 मध्ये ते पहिल्यांदा हाती लागलं, तेव्हा दिसेल त्याला चिकटतं म्हणून बाजूला टाकलं गेलं आणि 1958 मध्ये बाजारात आलं. पृष्ठभागावरची नावापुरती ओल मिळाली तरी ते काही सेकंदांत घट्ट होतं. रॉकेटच्या बाबतीत हा वेगच नडतो. एका बाटलीत दुसरी निम्मी सरकते न सरकते तोच जोड जागच्या जागी अडकतो, तिरका तर तिरका. शिवाय हा गोंद वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो आणि कडेने सोलणारा ताण त्याला अजिबात सोसत नाही.

दुसरा हात जातो प्लंबरच्या ‘सोल्युशन’कडे. पीव्हीसीच्या पाइपाला ते उत्तम, कारण त्यातलं द्रावण पीव्हीसीला विरघळवतं आणि दोन पाइप एकजीव होतात. पीईटी मात्र या द्रावणांना दाद देत नाही. पीईटी विरघळवायचं तर प्रयोगशाळेत फेनॉल आणि टेट्राक्लोरोइथेनचं मिश्रण लागतं. इतकं विषारी रसायन घराच्या गॅलरीत आणण्याचा विचारही कोणी करू नये.

ग्लू गनची गरम कांडी पंख चिकटवायला ठीक आहे, दाबाच्या जोडाला नाही. गोंद वितळलेला राहील इतक्या तापमानाला बाटलीची भिंत सुरकुतते. सिलिकॉन खिडक्यांच्या फटींना छान, पण पीईटीवरून ते सालीसारखं निघून येतं.

मग उरतो अ‍ॅराल्डाइट. जाणती माणसंही इथे फसतात. सीबा या स्विस कंपनीने 1946 मध्ये बाजारात आणलेला हा इपॉक्सी गोंद आपल्याकडे फुटलेल्या कपापासून यंत्राच्या भागापर्यंत सगळीकडे पोचला आहे. धातूवर त्याचा जोड चौरस मिलिमीटरला 15 न्यूटनच्या पुढचा घसरता ताण पेलू शकतो. आपल्या 20 मिलिमीटरच्या पट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे 6900 चौरस मिलिमीटर भरतं. म्हणजे 5 बारला प्रत्येक चौरस मिलिमीटरवर फक्त 0.7 न्यूटन येतो. आकडे पाहिले तर इपॉक्सीला हे काम डाव्या हाताचा मळ वाटावं. तरीही तो जोड तडतड आवाज करत सुटतो.

याचं कारण बाटलीच्या वागण्यात आहे. दाब भरला की बाटली फुगते आणि तिचा परिघ काही मिलिमीटरने वाढतो. जोडाच्या जागी भिंती दोन, म्हणून तिथे ती कमी फुगते. जोडाच्या शेजारी भिंत एकच, तिथे जास्त. त्यामुळे जोडाच्या नेमक्या कडेला भिंत बाहेर वळते आणि गोंदाला सोलून काढू लागते. ताण पूर्ण पट्ट्यावर सारखा पसरत नाही, तो कडेच्या एक-दोन मिलिमीटरवर एकवटतो. वाळलेला इपॉक्सी फार ताणला जात नाही. कडेला चीर पडते, मग तीच चीर पुढची कड होते आणि आत सरकत जाते. पट्टा रुंद केल्याने या कडेचं दुखणं फारसं कमी होत नाही.

इथे कामाला येतो तो पॉलियुरेथेन, बाजारच्या भाषेत ‘पीयू सीलंट’. जर्मनीतल्या लेव्हरकुझेनमध्ये ऑटो बायर यांनी 1937 मध्ये पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. पीयू सीलंटची मूळ ताकद इपॉक्सीच्या दहाव्या हिश्शाइतकी, पण तो तुटण्याआधी आपल्या लांबीच्या कित्येक पट ताणला जातो. बाटली फुगली की तोही तिच्याबरोबर ताणतो आणि कडेचा भार आतल्या गोंदाकडे देतो. पूर्ण पट्टा कामाला लागला की 0.7 न्यूटन त्याला झेपतो. सिडनीच्या ‘एअर कमांड’ या हौशी गटाने बाटल्या जोडायला सिकाफ्लेक्स 11 एफसी हा बांधकामातला सीलंट वापरला, तर अमेरिकेतल्या रॉकेटवाल्यांत पीएल प्रीमियम हे नाव रूढ झालं. दोन्ही पॉलियुरेथेनच. आपल्याकडे याचा पत्ता गाड्यांच्या काचा बसवणाऱ्यांकडे मिळतो, कारण मोटारीची पुढची काच पीयूनेच चिकटवलेली असते.

पीयू वाळत नाही, तो पिकतो, आणि पिकायला त्याला ओल लागते. त्यातले आयसोसायनेट गट हवेतल्या बाष्पाशी जुळतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि साखळ्या एकमेकींत गुंततात. दोन प्लास्टिकच्या भिंतींमध्ये मात्र बाष्प कडेनेच शिरतं, म्हणून आतला थर मागे राहतो. चिकटवण्याआधी एका पृष्ठभागावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारण्याची युक्ती त्यासाठीच. फवारा जास्त झाला तर वायूचे बुडबुडे अडकून जोड सच्छिद्र होतो. कोकणातल्या पावसाळ्यात तो लवकर पिकेल, मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये रेंगाळेल. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, बंदिस्त जोडाला आठवडाभर हात न लावणं शहाणपणाचं.

गोंद निवडला तरी अर्धं काम बाकी असतं. सारख्याच मापाच्या दोन बाटल्या एकीत एक जात नाहीत. तेव्हा आक्रसण्याचा दोष गुणासारखा वापरायचा. एकीची कापलेली कड गरम पाण्यात सरळ धरून किंचित आत घ्यायची, म्हणजे ती दुसरीत अलगद बसते. लेबलाच्या गोंदाचा मागमूस ठेवायचा नाही. जोडाखालचाच भाग बारीक पॉलिश पेपरने धूसर करायचा, त्याच्याबाहेर एकही ओरखडा नको, कारण ओरखड्यापाशीच बाटली फाटते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोटांचा तेलकटपणा घालवायचा. तिसऱ्या बाटलीचा गोल पट्टा बाहेरून चढवला तर जोडाला दुहेरी आधार मिळतो. ही सगळी काळजी भिंतीपुरती. झाकण वेगळ्या जातीचं असतं, पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएथिलीनचं, आणि या मेणचट प्लास्टिकवर कुठलाच नेहमीचा गोंद धरत नाही. तिथे आटे आणि रबरी वायसरवरच भिस्त ठेवावी लागते.

या वाटेवर माणसं फार पुढे गेली आहेत. ‘यूएस वॉटर रॉकेट्स’ या गटाने जून 2007 मध्ये 2044 फूट, म्हणजे 623 मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. 26 ऑगस्ट 2015 रोजी केप टाउन विद्यापीठाच्या रॉकेटने तो 830 मीटरवर नेला. ते रॉकेट कार्बन फायबरचं होतं. इतक्या उंचीसाठी लागणारा दाब नुसत्या बाटलीला पेलवत नाही.

घरच्या रॉकेटलाही दाबाचा आदर हवाच. दोन लिटरच्या बाटलीत 5 बारची हवा सुटण्याच्या तयारीत असते, तेव्हा तिच्यात हजार जूलहून जास्त ऊर्जा कोंडलेली असते. 10 किलोचं वजन 10 मीटरवरून पडलं तर साधारण एवढीच ऊर्जा मोकळी होते. म्हणून नव्या जोडाची पहिली परीक्षा हवेने कधीच घ्यायची नाही. बाटली काठोकाठ पाण्याने भरायची, आत बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि मग दाब चढवायचा. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. जोड सुटला तर स्फोट होत नाही, पाणी उडून विषय संपतो. उडवताना जेवढा दाब द्यायचा त्याहून बराच जास्त दाब इथे द्यायचा, चश्मा घालून आणि लांब उभं राहून.

मुद्दाम फोडलेला जोड टाकून देऊ नये, त्याचे तुकडे निरखावे. गोंद एका भिंतीवरून स्वच्छ सुटला असेल, तर घासणं-पुसणं कमी पडलं. गोंद मधोमध फाटून दोन्ही भिंतींवर राहिला असेल, तर पकड चांगली होती, पट्टा अरुंद पडला किंवा आतला थर कच्चा राहिला. बोटाला चिकट लागला तर कच्चाच. आणि जोड शाबूत राहून शेजारची भिंत फाटली असेल, तर त्या बाटल्यांना याहून चांगला गोंद शोधायची गरज नाही. पुढचा प्रश्न मग भिंतीचा, म्हणजे बाहेरून काचतंतूंची टेप गुंडाळायची की दाब कमी करायचा याचा.