राणीछापाला चिंच लावू नका

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी गिरगावातल्या आमच्या खोलीत आजी फडताळातून मखमली बटवा काढायची. आत अकरा रुपये. तिच्या लेखी सगळे राणीछाप. खरं तर निम्म्यांवर राजाच होता. चिंचेच्या कोळात ते भिजायचे, रांगोळीने घासले जायचे आणि संध्याकाळी चौरंगावर लखलखायचे. आजीच्या मागे आईने आणि नंतर आम्ही हा नेम चालवला. पुढे मला नाण्यांचा नाद लागला, तेव्हा ते अकरा रुपये घेऊन मी फोर्टातल्या एका वयस्क व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांनी भिंग उचललंसुद्धा नाही. ‘धुतलेले आहेत, साहेब. चांदीच्या भावाने जातील.’

घासूनपुसून चकचकीत म्हणजे चांगलं, हे आपल्या घरांत इतकं मुरलंय की नाण्यांच्या बाबतीत ते आधी विसरावं लागतं.

नाणं पारखणं आपल्याला नवं नाही. खणखणीत, बंदा रुपया, नावाला बट्टा लागणं, हे सगळं त्याच पेढीवरून आलं. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली शिक्का असे नाना तऱ्हांचे रुपये एकाच बाजारात फिरत. खजिन्यात आलेलं नाणं पोतदार तपासे, बाजारात सराफ. झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर जी रक्कम कापली जाई, तो बट्टा. सराफ नाणं वाजवून बघे, तोले आणि शंका आली तर त्यावर बारीक ठसा मारून आत तांबं तर नाही ना, ते पाही. त्याचा सवाल एकच होता : यात चांदी किती?

1835 पासून कंपनी सरकारचा एकसारखा रुपया आला आणि हा गोंधळ ओसरला. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. फोर्टातल्या टांकसाळीत, जी 1829 पासून तिथे आहे, असे रुपये पडू लागले. हेच वजन म्हणजे एक तोळा. (आज सराफाकडचा तोळा दहा ग्रॅमचा झाला; आपल्या डोळ्यांदेखत तोळ्यालाच बट्टा लागला म्हणायचा.)

संग्राहकाचा सवाल वेगळा असतो. ठशाने जे उमटवलं, त्यातलं उरलंय किती? कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा उठतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं, की या रेषांमुळे उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. मोत्याला असतं तसं हे नाण्याचं पाणी. चिंचेचं आम्ल वरची कातडी खातं, रांगोळी ओरखडे पाडते. उरते ती मेलेली, सगळीकडून सारखी चमक. गेलेलं पाणी कुठल्याही उपायाने परत येत नाही. उलट वर्षानुवर्षांच्या हवेने चढलेला राखाडी-निळसर थर संग्राहकाला हवासा वाटतो, कारण खालचं अंग शाबूत असल्याची ती खूण असते.

शिकणाऱ्याने ट्यूबलाइट बंद करून एकच बल्ब लावावा. नाणं कडेला धरावं, तोंडावर बोट नको. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग भिंगाने. झीज सर्वांत उंच भागापासून सुरू होते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानावरचे केस, मुकुटातले खडे आणि अंगावरच्या वस्त्राची नक्षी बघा. सातवा एडवर्ड बोडका आहे. तिथे कान आणि दाढी. पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्ती आहे, आणि त्या हत्तीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1911 च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं. सुमारे 94 लाख रुपये पाडले होते, जेमतेम सात लाख बाहेर गेले होते. बाकीचे वितळवले आणि 1912 पासून हत्ती सुधारला. फार झिजलेल्या रुपयात मात्र हत्ती की डुक्कर हे सांगायला उरतच नाही.

नवशिक्याची फसगत होते ती अर्धवट उठलेल्या ठशापाशी. तिथेही केस सपाट दिसतात, पण त्या सपाटीवर पाणी फिरतं. झिजलेल्या जागी ते थांबतं, रंगही बदलतो. हा फरक वाचून कळत नाही. पंचम जॉर्जचे ब्राँझचे पाव आणे स्वस्तात दहा-बारा घ्या, वाईटापासून चांगल्यापर्यंत ओळीत मांडा आणि महिन्याने पुन्हा मांडा. ओळ बदललेली असेल.

बाजारातले शब्द इंग्रजीच आहेत : फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, अनसर्क्युलेटेड. सत्तर गुणांची पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, 1949 ची, मूळची अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. एका गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत सत्तर गुणांच्या नाण्याला, असा तिचा हिशेब होता. बाजाराने तो केव्हाच मोडला. आकडे तेवढे राहिले.

आपल्याकडच्या जखमा त्या पट्टीत बसत नाहीत. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. माळेत ओवायला तिला कडी लावतात, तशीच कडी आपण रुपयालाही लावली. कडी काढली तरी डाखाचा डाग कडेवर राहतो, आणि भाव पडतो. मात्र प्रत्येक घाव नुकसान नसतो. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला होता. नहपानाचा चेहरा त्यात चेपला, पण कोणी कोणाला हरवलं याचा पुरावा तिथेच उमटला. तसंच सराफाचे बारीक ठसे. पट्टीवाले त्यांना दोष म्हणोत, मला ते पेढीवरच्या सह्या वाटतात.

दर्जाआधी खरेपणा. राम दरबाराचे, कंपनीचं नाव आणि 1818 साल घातलेले तांब्याचे ‘आणे’ कंपनीने कधी पाडलेच नाहीत. चांदीचा रुपया चुंबकाला चिकटला तर सोडून द्या. 1947 चा वाघाचा रुपया चिकटेल, तो निकेलचाच आहे. 1940 ते 1945 च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात निम्मीच चांदी, तेव्हा फिकट रंगाला घाबरू नका. घरातल्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो देतो असा फोन आला तर ठेवून द्या; रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये अशा भामट्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्याच बँकेचं नाणेसंग्रहालय 2004 पासून फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर आहे. विकत घेण्याआधी तिथल्या काचेपुढे एक दुपार घालवा.

आमचे अकरा रुपये मी विकले नाहीत. त्यांतल्या एकावर, राणीच्या वेणीच्या खाचेत, आजीचं कुंकू अजून अडकलेलं आहे. तुमच्या बटव्यातले रुपये कदाचित अजून वाचलेले असतील. यंदा ते विड्याच्या पानावर तसेच काळपट ठेवा, आणि हळदकुंकू नाण्याऐवजी पानाला वाहा.