विश्लेषण : बॅटरी नाही, वायर नाही, जेलमधले थेंब गॅमा किरण कसे मोजतात?

एप्रिल २०१०. दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात काही जणांची त्वचा काळी पडू लागली, केस गळू लागले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील वापरात नसलेले एक यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे आले होते आणि त्याच्या पोटात कोबाल्ट-६० होते. ते फोडताना कुणालाही काही जाणवले नाही. गॅमा किरणांना ना वास, ना रंग, ना चटका. एका कामगाराचा मृत्यू झाला.

हे किरण डोळ्यांना दिसावेत यासाठी शास्त्रज्ञांनी अनेक युक्त्या शोधल्या. त्यातली एक फारच साधी वाटते. जेलने भरलेली एक काचेची नळी घ्यायची आणि तिच्यात किती बुडबुडे आले ते मोजायचे.

उकळायला हवे, तरी उकळत नाही?

मायक्रोवेव्हमध्ये गुळगुळीत कपात पाणी तापवले, तर कधी कधी ते १०० अंशांच्या वर जाऊनही शांत राहते. बाहेर काढून चमचा घातला, की एकदम उसळून अंगावर येते. (हात भाजण्याचे प्रकार यातूनच होतात, म्हणून कपात आधीच चमचा किंवा लाकडी काडी ठेवण्याचा सल्ला दिला जातो. धातूचा चमचा मात्र मायक्रोवेव्हमध्ये नको.) अशा द्रवाला अतितप्त द्रव म्हणतात. उकळायला पहिला बुडबुडा लागतो आणि तो सुरू व्हायला काहीतरी निमित्त लागते.

या नळीत पाण्याऐवजी असा द्रव असतो, ज्याचा उत्कलनबिंदू खोलीच्या तापमानापेक्षा कितीतरी खाली असतो. जुन्या फ्रिजमधला आर-१२ वायू उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर लावतात तशा जेलमध्ये, दाबाखाली, त्याचे बारीक थेंब अडकवतात. दाब काढला की प्रत्येक थेंब उकळायला टपलेला असतो. पण जेलचा स्पर्श मऊ असल्याने तो तसाच राहतो. किरणाने ऊर्जा सोडली की फट्! थेंबाची वाफ होऊन डोळ्यांना दिसणारा बुडबुडा तयार होतो.

अतितप्त द्रवात किरणांचा माग दिसतो, हे डोनाल्ड ग्लेझर यांनी १९५२ मध्ये दाखवले. त्यांच्या ‘बबल चेंबर’ला १९६० चे नोबेल मिळाले. मात्र तिथे सगळा द्रव एकत्र असल्याने एकदा उकळी फुटली की यंत्र पुन्हा सज्ज करावे लागे. येल विद्यापीठातील रॉबर्ट ॲफेल यांनी १९७९ मध्ये द्रवाचे थेंबच वेगळे केले. एक थेंब फुटला तरी बाकीचे पहारा देत राहतात.

मग गॅमाची अडचण काय?

खरी गोम इथे आहे. बुडबुडा टिकायला काही नॅनोमीटरच्या जागेत पुरेशी ऊर्जा एकदम पडावी लागते. न्यूट्रॉन अणुकेंद्राला धडकतो, ते केंद्र थोड्याच अंतरात थांबते आणि सगळी ऊर्जा तिथेच ओतते. गॅमा किरण मात्र इलेक्ट्रॉनला ढकलतो आणि तो इलेक्ट्रॉन लांबवर थोडी थोडी ऊर्जा सांडत जातो. चमचाभर तिखट पातेलेभर भाजीत मिसळले तर कळत नाही, तेच एका घासात आले तर ठसका लागतो. तसाच हा प्रकार.

उपाय म्हणजे थेंब आणखी ‘टपलेला’ करणे. तापमान वाढवले किंवा उत्कलनबिंदू अजून खाली असलेला द्रव निवडला, की लागणारी किमान ऊर्जा कमी होते. उणे ३९ अंशांच्या सुमारास उकळणारा आर-११५ खोलीच्या तापमानालाच गॅमा किरणांना प्रतिसाद देतो. आर-१२ तेव्हा गप्प असतो. दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या, तर न्यूट्रॉन किती आणि गॅमा किती हा हिशेब वेगळा करता येतो. कोलकात्याच्या संशोधकांनी या द्रवांवर बरेच काम केले आहे.

बुडबुड्यांवरून मात्रा कशी कळते?

आधी कोबाल्ट-६० किंवा सिझियम-१३७ सारख्या ज्ञात स्रोतासमोर नळी ठेवून, ठरावीक मात्रेला किती बुडबुडे येतात हे तपासतात. नंतर मोजणी नुसत्या डोळ्यांनी होते. थेंब फुटताना होणारा बारीक आवाज सेन्सरने टिपूनही करता येते.

भारतात किरणोत्सर्गाशी संबंधित कामगारांसाठी पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. त्यांच्या छातीवरचा टीएलडी बॅज साधारण तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत वाचला जातो. म्हणजे चूक झालीच, तर ती उशिरा समजते. बुडबुडा तिथल्या तिथे दिसतो, हा मोठा फरक.

मग हे सर्रास का वापरत नाहीत? कारण जी गोष्ट थेंबाला संवेदनशील करते, तीच त्याला लहरी बनवते. चंद्रपूरच्या मे महिन्यात आणि एसी लावलेल्या खोलीत एकच नळी सारखे आकडे देणार नाही. तापमानाची दुरुस्ती करावीच लागते. शिवाय थेंब संपत जातात, बुडबुड्यांची गर्दी झाली की मोजणी चुकते आणि आर-१२, आर-११५ हे दोन्ही ओझोनला मारक म्हणून माँट्रियल करारात बंदी आलेले वायू आहेत. आणि मायापुरी? तिथे ही नळी असून फार उपयोग झाला नसता. लिलावाआधी साध्या गायगर काउंटरने एकदा तपासले असते, तरी पुरे होते.

न्यूट्रॉनसाठी मात्र हे तंत्र अवकाशातही पोहोचले आहे. कॅनडात बनलेल्या अशाच नळ्या अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात वापरल्या. झारखंडमधील जादुगुडा येथे तर युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोल, अतितप्त थेंबांनी कृष्णद्रव्याचा शोध घेतला जातो. तिथे गॅमा किरण म्हणजे नुसता गोंगाट, त्यामुळे थेंबांना ते ऐकूच येऊ नयेत असे तापमान निवडावे लागते.