दीर्घ पल्ल्याचे हँग ग्लायडिंग आणि दुर्गम भूप्रदेश : पाचगणी ते फलटण या भूभागाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

इंजिनाच्या साहाय्याविना आकाशात विहार करण्याची मानवाची आकांक्षा प्राचीन आहे. तिला शास्त्रीय अधिष्ठान देण्याचे कार्य जर्मन अभियंता ऑटो लिलिएन्थाल याने १८९१ पासून केले. १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रान्सिस रोगॅलो यांनी लवचिक कापडी पंखाची कल्पना सिद्ध केली व तिच्यातूनच आजचे हँग ग्लायडर विकसित झाले. धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेला पंख आणि त्याखाली पट्ट्यांनी लटकलेला वैमानिक असे या साधनाचे स्वरूप असते. वैमानिक आपल्या शरीराचा भार इकडे-तिकडे सरकवून त्यास दिशा देतो. पॅराग्लायडरला मात्र सांगाडा नसतो. त्याचा पंख हवेच्या दाबानेच फुगलेला राहतो.

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे पॅराग्लायडिंगचे परिचित केंद्र आहे. तेथे होणारी बहुतेक उड्डाणे डोंगरकड्यालगतच्या परिसरातच संपतात. डोंगरकडा सोडून दूरवर जाणाऱ्या उड्डाणाचे शास्त्र वेगळे आहे. हे शास्त्र यंत्राच्या ज्ञानापेक्षा भूमीच्या ज्ञानावर अधिक अवलंबून असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पाचगणी ते फलटण हा भूभाग उदाहरण म्हणून घेतला आहे.

उद्दिष्टे

१. दीर्घ पल्ल्याच्या उड्डाणामागील भौतिक तत्त्वे समजून घेणे.
२. पाचगणी ते फलटण या पट्ट्यातील भूरचनेचा उड्डाणाच्या दृष्टीने विचार करणे.
३. दुर्गम भूप्रदेशातील धोके व निर्णयप्रक्रिया यांचे विवेचन करणे.

उड्डाणाचे गणित

ग्लायडर सतत खालीच येत असतो. आधुनिक हँग ग्लायडर स्थिर हवेत एक मीटर खाली येताना सुमारे १५ मीटर पुढे जातो. पॅराग्लायडरच्या बाबतीत हे अंतर सुमारे ९ ते १० मीटर असते. उंची पुन्हा मिळवायची असेल, तर वर जाणारी हवा शोधावी लागते. ही हवा मुख्यतः दोन प्रकारे मिळते. वारा डोंगराच्या कड्यावर आदळून वर चढतो, हा पहिला प्रकार. उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उठते, हा दुसरा प्रकार. त्यास थर्मल म्हणतात. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. सभोवतालच्या हवेपेक्षा ती उष्ण असेपर्यंतच तिचे चढणे चालू राहते.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटर उंचीवर, तर फलटण सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. दोहोंमधील सरळ अंतर अंदाजे ६७ किलोमीटर भरते. एखाद्या हँग ग्लायडरने थर्मलमध्ये २,३०० मीटर उंची गाठली, खालची जमीन सरासरी ६०० मीटर उंचीची मानली आणि पुढील थर्मल शोधण्यासाठी ३०० मीटर उंची राखून ठेवली, तर त्यास एका झेपेत सुमारे २१ किलोमीटर जाता येईल. म्हणजे फलटण गाठण्यासाठी किमान तीन वेळा, आणि ९ मीटरच्या हिशेबाने जाणाऱ्या पॅराग्लायडरला सहा वेळा, नव्याने उंची मिळवावी लागेल. दोन थर्मलांच्या दरम्यान हवा खाली उतरत असल्यामुळे प्रत्यक्षात ही संख्या वाढते.

वाऱ्याचा परिणामही निर्णायक असतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ग्लायडरला ताशी २० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला, तर १५ चे प्रमाण २१ च्या पुढे जाते. तोच वारा समोरून आल्यास ते ८ वर येते. उन्हाळ्यात दुपारनंतर या भागात पश्चिमेकडील वारे वाहू लागतात. म्हणूनच पूर्वेकडील फलटणची दिशा स्वाभाविक ठरते.

भूप्रदेशाचे तीन टप्पे

पहिला टप्पा पाचगणीचा कडा आणि वाईचे खोरे यांचा आहे. काळ्या पाषाणाचे उघडे कडे उन्हाने लवकर तापतात व थर्मलला जन्म देतात. याउलट धोम जलाशयाचे विस्तीर्ण पाणी सावकाश तापत असल्याने त्यावर हवा वर उठत नाही. जलाशयावरून जाणे म्हणजे उंची केवळ खर्च करणे होय.

दुसरा टप्पा सर्वांत कठीण आहे. महाबळेश्वरच्या उत्तरेस सह्याद्रीपासून फुटून पूर्व व आग्नेय दिशेस गेलेली महादेव डोंगररांग येथे ओलांडावी लागते. ही रांग कृष्णा व नीरा या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. वाठार ते सालपे या परिसरात ती पार करताना एक पेच निर्माण होतो. वारा वायव्येकडून असेल, तर कृष्णेकडील दक्षिण उतार वाऱ्याच्या आडोशास येतो. परंतु दुपारचे ऊनही त्याच उतारावर पडते. परिणामी, जेथे थर्मल मिळण्याची शक्यता अधिक, तेथेच रांगेवरून कोसळणाऱ्या हवेचे भोवरेही असतात. अशा भोवऱ्यात पॅराग्लायडरचा पंख मिटू शकतो व हँग ग्लायडर उलटू शकतो. त्यामुळे रांग पुरेशा उंचीवरूनच पार करणे किंवा अलीकडेच उतरणे, एवढेच दोन पर्याय उरतात.

तिसरा टप्पा फलटणच्या सपाटीचा आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सुमारे ८० किलोमीटर पूर्वेस, पर्जन्यछायेतील फलटण येथे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तथापि हा सर्व प्रदेश एकसारखा कोरडा नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ओलसर शेतांवर थर्मल क्षीण असतात. कालव्याच्या वरच्या अंगाची माळराने व शाळूची काढणी झालेली मोकळी राने मात्र चांगली तापतात. शेतकऱ्यास परिचित असलेली वावटळ ही वस्तुतः थर्मलच्या पायथ्याची दृश्य खूण आहे. पंख न हलविता घिरट्या घालीत वर जाणारी घार हीसुद्धा तशीच विश्वसनीय खूण होय.

धोके आणि निर्णय

३ जुलै २०१२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात डस्टिन मार्टिन याने ७६४ किलोमीटर, तर जॉनी ड्युरंड याने ७६१ किलोमीटर अंतर हँग ग्लायडरने पार केले. तेथे सपाट भूमी व दिवसभर टिकणारा अनुकूल वारा यांची जोड होती. दुर्गम प्रदेशातील ६० किलोमीटरचे उड्डाण अंकांत लहान दिसले, तरी त्यातील निर्णयांची संख्या व गुंतागुंत कमी नसते. म्हणून केवळ अंतरावरून कौशल्य मोजणे उचित नाही.

दुर्गम भागातील पहिला नियम उतरण्याच्या जागेविषयी आहे. एक सुरक्षित जागा आवाक्यात असेपर्यंतच पुढील जागेकडे जावे. दोन्ही हातच्या सुटतील अशी झेप घेऊ नये. पाचगणीच्या पश्चिमेस कोयनेच्या खोऱ्यातील घनदाट अरण्यात हा नियम पाळणे जवळजवळ अशक्य आहे, आणि तेथे अपघातग्रस्तापर्यंत मदत पोहोचण्यासही विलंब लागतो. फलटणकडील सपाटीवर जागा विपुल असली, तरी शेतीपंपांच्या वीजतारा वरून सहसा दिसत नाहीत. दिसतात ते खांब. खांबांच्या रांगेवरून तारेचे अनुमान करावे लागते. उभ्या उसात उतरणे वैमानिकास धोक्याचे आणि शेतकऱ्यास नुकसानीचे असते.

दुसरा धोका वळिवाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वाढत जाणारा ढग ग्लायडरला आत ओढून घेऊ शकतो. ज्या हवेने उंची दिली, तीच प्रमाणाबाहेर वाढल्यास जीवघेणी ठरते. अशा ढगाची वाढ दिसताच, थर्मल कितीही उत्तम असला तरी, त्यातून बाहेर पडून उतरणे हाच योग्य निर्णय असतो. राखीव पॅराशूट, शिरस्त्राण व संपर्कसाधने आवश्यक असली, तरी ती योग्य निर्णयाची जागा घेऊ शकत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले; परंतु आकाशातील क्षणाचा निर्णय अखेर वैमानिकालाच घ्यावा लागतो.

निष्कर्ष

१. दीर्घ पल्ल्याचे उड्डाण ही एक सलग झेप नसून उंची मिळविणे व खर्च करणे यांची साखळी आहे.
२. पाचगणी ते फलटण या पट्ट्यात कडा, जलाशय, जलविभाजक रांग, बागायत व माळरान हे सर्व भूप्रकार थोड्या अंतरात आढळतात. भूगोल, भौतिकशास्त्र व शारीरिक शिक्षण या विषयांच्या एकत्रित अध्यापनासाठी हा पट्टा उपयुक्त आहे.
३. जमिनीचा रंग, पीक, ओल आणि उतार यांचे वाचन हेच या क्रीडाप्रकारातील मूलभूत कौशल्य आहे.
४. ठरविलेल्या ठिकाणाच्या अलीकडे सुखरूप उतरणे हे अपयश नसून प्रशिक्षणाचे फलित आहे, हा दृष्टिकोन विद्यार्थ्यांमध्ये रुजविणे आवश्यक आहे.